विमानतळावरील विमानांची जमिनीवरील वाहतूक: नियोजनाची संगणकीय प्रतिकृती टप्प्याटप्प्याने कशी उभारावी

नवी मुंबई विमानतळावरून 25 डिसेंबर 2025 रोजी प्रवासी वाहतूक सुरू झाली आणि ठाणे, ऐरोली, नेरूळ, पनवेल या पट्ट्यात राहणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी एक चांगला विषय घराजवळच मिळाला. विमान उतरल्यापासून स्टँडवर (विमान उभे करण्याच्या ठरलेल्या जागेवर) लागेपर्यंत आणि स्टँड सोडल्यापासून उडेपर्यंत जमिनीवर त्याची जी ये-जा होते, तिचे नियोजन संगणकाच्या मदतीने कसे होते, हा तो विषय. साधा लॅपटॉप, पायथन भाषेची बऱ्यापैकी ओळख आणि दोन-तीन महिन्यांची चिकाटी एवढ्या भांडवलावर त्याची कामचलाऊ नव्हे, तर अभ्यासयोग्य प्रतिकृती उभी करता येते. ती कशी करावी, हे या लेखात क्रमाने मांडले आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो. अशा प्रकल्पांची धाव बहुधा सर्वांत जवळचा मार्ग शोधण्यापर्यंतच जाते. मार्ग शोधणे हा यातला सोपा भाग आहे. कोणते विमान, नेमके कुठे, कोणासाठी आणि किती वेळ थांबवायचे हे ठरवणे अवघड आहे, आणि प्रतिकृतीची रचना पहिल्या दिवसापासून या थांब्यांभोवती केली नाही, तर पुढे सगळे मोडून पुन्हा लिहावे लागते.

पहिला टप्पा: खरी यंत्रणा काय करते ते समजून घ्या

मोठ्या विमानतळांवर या कामासाठी जी यंत्रणा असते तिला ए-एसएमजीसीएस (जमिनीवरील हालचालींचे प्रगत मार्गदर्शन आणि नियंत्रण) म्हणतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे इकाओने, तिच्याविषयीची मार्गदर्शक पुस्तिका 2004 मध्ये प्रसिद्ध केली. तिची कामे चार: प्रत्येक विमान आणि वाहन कुठे आहे ते पाहणे, त्याला मार्ग ठरवून देणे, त्या मार्गाने त्याला दिव्यांच्या साहाय्याने नेणे, आणि धोका दिसताच नियंत्रकाला सावध करणे.

या यंत्रणेची गरज जगाला फार मोठी किंमत मोजून कळली. 27 मार्च 1977 रोजी तेनेरिफे येथे दाट धुक्यात दोन जंबो विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि 583 माणसे दगावली. त्या विमानतळावर जमिनीवरील हालचाल दाखवणारे रडार नव्हते. 8 ऑक्टोबर 2001 रोजी मिलानच्या लिनाते विमानतळावर धुक्यात वाट चुकलेले एक छोटे विमान धावपट्टीवर आले आणि 118 जणांचा बळी गेला. तेथील जुने जमिनीवरील रडार काढून ठेवलेले होते आणि नवे अजून सुरू झालेले नव्हते. दोन्ही अपघातांत वैमानिकांना मार्ग सांगितलेला होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

याच्या जोडीला ए-सीडीएम (विमानतळावरील संयुक्त निर्णयप्रक्रिया) नावाची दुसरी व्यवस्था असते. विमान कंपनी, विमानतळ, ग्राउंड हँडलिंग करणारी संस्था आणि हवाई वाहतूक नियंत्रण यांनी वेळांची एकच समान माहिती वापरावी, हा तिचा हेतू. एका फेरीचे तिने सोळा टप्पे पाडले आहेत. युरोपात ही व्यवस्था पूर्णपणे प्रथम 2007 मध्ये म्युनिकला लागू झाली. आपल्या प्रतिकृतीत पहिल्या यंत्रणेतून थांबे येतील आणि दुसरीतून वेळा.

दुसरा टप्पा: नकाशाचे जाळे तयार करा

ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर धावपट्ट्या, टॅक्सीवे (धावपट्टी आणि स्टँड यांना जोडणारे विमानांचे रस्ते) आणि स्टँड वेगवेगळ्या खुणांनी नोंदवलेले असतात. ते उतरवून क्यूजीआयएस या मोफत प्रणालीत उघडा आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या अधिकृत वैमानिकी माहिती पुस्तिकेतील नकाशाशी ताडून पाहा. स्वयंसेवकांनी काढलेल्या नकाशात टॅक्सीवेची नावे सुटलेली असतात, आणि कधी दोन रेषा डोळ्यांना जुळलेल्या दिसल्या तरी प्रत्यक्षात जुळलेल्या नसतात. अशा फटीमुळे संगणकाला मार्गच सापडत नाही आणि दोष उगीच आज्ञावलीत शोधला जातो. पहिल्या आवृत्तीसाठी सगळा विमानतळ घेऊ नका. धावपट्टी, तिला समांतर एक टॅक्सीवे, तीन-चार जोडरस्ते आणि दहा-बारा स्टँड पुरेसे आहेत.

हे जाळे नेटवर्कएक्स या पायथन संग्रहात बिंदू आणि दुवे या रूपात साठवा. प्रत्येक दुव्याला लांबी, चालणारी दिशा, कमाल वेग आणि तेथून जाऊ शकणाऱ्या विमानाचा पंखविस्तार ही माहिती जोडा. त्याशिवाय काही बिंदूंवर ‘येथे थांबता येते’ अशी स्वतंत्र खूण करा. विमान थांबल्यावर त्याचे शेपूट मागच्या चौकात राहणार नाही आणि समोरून येणाऱ्याची वाट अडणार नाही, अशाच जागेला ही खूण द्यावी. ए321 विमानाची लांबी सुमारे 44.5 मीटर असते. दोन चौकांमधले अंतर त्याहून कमी असेल, तर ती जागा थांब्याची नव्हे. हे काम कंटाळवाणे आहे आणि हातानेच करावे लागते. प्रकल्पाचा कस मात्र इथेच लागतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. माहितीसाठी कुंपणाजवळ जाऊन चित्रीकरण करणे किंवा विनापरवाना वैमानिकी रेडिओ ऐकणे टाळावे. या प्रकल्पाला त्याची गरजही नाही. विमानांचे वेळापत्रक आपण स्वतः कल्पून तयार करणार आहोत.

तिसरा टप्पा: विमाने आणि त्यांचे वेग

इकाओ विमानांना पंखविस्तारानुसार अक्षरे देते. 24 ते 36 मीटरपर्यंत सी, 36 ते 52 पर्यंत डी, 52 ते 65 पर्यंत ई आणि 65 ते 80 पर्यंत एफ. ए320 आणि बोइंग 737-800 ही दोन्ही 35.8 मीटरच्या आसपास, म्हणजे सी गटात बसतात. बोइंग 777-300ईआर 64.8 मीटरचे, म्हणून ई गटात. सुरुवातीला सी आणि ई हे दोनच गट घ्या.

वेगासाठी सरळ टॅक्सीवेवर 20 नॉट आणि वळणावर 10 नॉट हे आकडे चालतील. एक नॉट म्हणजे सेकंदाला साधारण अर्धा मीटर, त्यामुळे 20 नॉट म्हणजे सेकंदाला जवळजवळ 10 मीटर. हे गणित तोंडपाठ ठेवा, कारण पुढचे सगळे हिशेब यावरच चालतात.

चौथा टप्पा: मार्ग

डायक्स्ट्रा यांनी 1959 मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत नेटवर्कएक्समध्ये तयार मिळते आणि एवढ्या छोट्या जाळ्यासाठी ती पुरते. फक्त दोन सुधारणा करा. लांबीऐवजी वेळ मोजा. आणि विमानाला जागच्या जागी उलटे फिरता येत नसल्यामुळे, एखाद्या बिंदूवर कोणत्या दुव्यावरून आलो हेही स्थितीत धरा, म्हणजे अशक्य कोनातली वळणे आपोआप गळतील.

धावपट्टीचे टोक बदलले की मार्गही बदलतात हे विसरू नका. नवी मुंबईची धावपट्टी 3,700 मीटर लांब असून तिची दिशा 08/26 आहे. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा असताना पश्चिमेकडे तोंड करून, म्हणजे 26 ने, उड्डाणे करणे सोयीचे आणि वारा फिरला की 08 ने. दोन्ही दिशांसाठी एकेरी मार्गांचे वेगळे संच ठेवावेत.

पाचवा टप्पा: थांब्यांचे नियम

आता मुख्य कामाकडे येऊ. एक उदाहरण बारकाईने पाहा. ‘क’ आणि ‘ख’ या दोन चौकांमध्ये 450 मीटरचा, दोन्ही दिशांनी वापरला जाणारा टॅक्सीवे आहे. उड्डाणासाठी निघालेले विमान 8 वाजून 10 मिनिटांनी ‘क’ पाशी येते. सेकंदाला 10 मीटर या वेगाने त्याचे नाक 45 सेकंदांत ‘ख’ ला पोहोचेल आणि शेपूट चौकाबाहेर पडायला आणखी साडेचार सेकंद लागतील. दरम्यान, उतरलेले एक विमान 8 वाजून 10 मिनिटे 30 सेकंदांनी ‘ख’ पाशी येते आणि त्याला ‘क’ कडे जायचे आहे.

नवख्याचे उत्तर ठरलेले असते: दुसऱ्या विमानाला ‘ख’ वर वीस सेकंद थांबवा. पण पहिले विमान बाहेर पडणार आहे तेच मुळी ‘ख’ मधून! दोन्ही विमाने समोरासमोर उभी राहतात. घोडबंदर रस्त्यावर ट्रक असा अडकला, तर चालक शिव्या खात का होईना, मागे घेतो. विमानाला स्वतःच्या बळावर मागे जाता येत नाही, त्यासाठी टग (विमान ढकलणारे वाहन) बोलवावा लागतो आणि तो येईपर्यंत मागची सगळी रांग खोळंबते. म्हणून दुसऱ्या विमानाला ‘ख’ च्या आधीच्या अशा थांब्यावर रोखले पाहिजे, जिथून पहिल्याची बाहेर पडण्याची वाट मोकळी राहते. तसा थांबा नसेल, तर पहिल्यालाच ‘क’ वर थांबवावे. आणि ‘क’ वरही जागा नसेल, तर त्याचा पुशबॅकच, म्हणजे स्टँडवरून मागे ढकलणेच, उशिरा करावे. निर्णय असा मागे मागे सरकत जातो, आणि त्यासाठीच दुसऱ्या टप्प्यात थांब्यांच्या खुणा केल्या.

यातून आज्ञावलीचा मूळ नियम मिळतो: विमानाला परवानगी द्यायची ती पुढच्या सुरक्षित थांब्यापर्यंत, आणि तिथपर्यंतचे सर्व दुवे व चौक त्या वेळेपुरते त्याच्या नावावर राखून ठेवल्यानंतरच. मधल्या एकाही दुव्याचे आरक्षण मिळत नसेल, तर विमान आहे त्या थांब्यावरच राहील. प्रत्येक दुव्यासाठी ‘कोणासाठी, केव्हापासून, केव्हापर्यंत’ अशी यादी ठेवा आणि नवे आरक्षण करताना दोन वेळांमध्ये सुरुवातीला 20 सेकंदांची मोकळीक धरा. ही पद्धत थोडी कंजूष आहे. एखादे विमान विनाकारण पंधरा सेकंद थांबलेले दिसेल, पण समोरासमोरची कोंडी होणार नाही.

प्राधान्याच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे. पहिला मान नुकत्याच उतरलेल्या विमानाला द्यावा, आणि त्याचे कारण प्रवाशांची घाई हे नाही. धावपट्टीच्या मध्यरेषेपासून होल्डिंग पॉइंट (परवानगीशिवाय विमानाने ओलांडायची नाही ती थांबरेषा), मोठ्या आणि उपकरणांच्या आधारे अवतरण होणाऱ्या धावपट्टीसाठी, साधारणतः 90 मीटरवर असतो. विमानाचे शेपूट ती रेषा ओलांडेपर्यंत धावपट्टी मोकळी झाली असे म्हणता येत नाही. बाहेर पडणारे विमान रेषेच्या अलीकडे-पलीकडे अडकले, तर मागून येणाऱ्याला पुन्हा आकाशात चढावे लागते. म्हणून धावपट्टीतून बाहेर पडण्याच्या मार्गावर, पहिल्या थांब्यापर्यंतचे आरक्षण विमान टेकण्यापूर्वीच करून ठेवावे.

सहावा टप्पा: पुशबॅक आणि निघण्याची वेळ

स्टँडवरून विमान मागे ढकलले जाते तेव्हा मागची एप्रन लेन (स्टँडच्या पट्ट्यातला, म्हणजे एप्रनवरचा, ये-जा करण्याचा मार्ग) काही मिनिटे बंद होते, आणि शेजारच्या स्टँडकडे येणारे विमानही अडते. त्यामुळे प्रतिकृतीत पुशबॅक म्हणजे चार-पाच मिनिटांसाठी त्या लेनचे आरक्षण असे समजावे.

वेळेचा हिशेब उलटा, धावपट्टीकडून स्टँडकडे करायचा असतो. समजा, उड्डाणासाठी 8:20 ची वेळ मिळाली आहे, टॅक्सीला (जमिनीवरून धावपट्टीपर्यंत चालत जाण्याला) 9 मिनिटे आणि पुशबॅक व इंजिने सुरू करण्याला 5 मिनिटे लागतात. तर विमानाने स्टँड 8:06 ला सोडावा. या वेळेला टीएसएटी (निघण्याच्या परवानगीची नियोजित वेळ) म्हणतात. विमान कंपनीने ‘आम्ही 8:00 ला तयार’ असे कळवले असेल, तर ती वेळ टीओबीटी (स्टँड सोडण्यास तयार असण्याची नियोजित वेळ). मधली सहा मिनिटे विमान इंजिने बंद ठेवून स्टँडवरच थांबते. ए320 टॅक्सी करताना मिनिटाला ढोबळमानाने 10 ते 12 किलो इंधन जाळते, म्हणजे एका विमानामागे साठ-सत्तर किलो वाचले. ते विमान लवकर निघाले असते, तरी 8:20 च्या आधी उडाले नसतेच; होल्डिंग पॉइंटपाशी रांगेत उभे राहिले असते.

उड्डाणांचा क्रम लावताना वावटळीचे अंतर पाळा, म्हणजे पुढच्या विमानाने मागे सोडलेली हवेची भोवरे शमण्यापुरता वेळ जाऊ द्या. 136 टन किंवा अधिक वजनाच्या विमानामागून मध्यम वजनाचे विमान त्याच जागेवरून उडणार असेल, तर दोन मिनिटे. मधल्या जोडरस्त्यावरून धावपट्टीवर येणार असेल, तर तीन. ई गटातली जड विमाने पाठोपाठ लावली, की मधल्या सी गटातल्या विमानांचा वाया जाणारा वेळ घटतो, हे वेळापत्रकात अदलाबदल करून स्वतः पाहा. मात्र क्रम बदलण्याला मर्यादा घाला. कोणतेही विमान आपल्या मूळ जागेपासून दोन-तीन क्रमांकांपेक्षा मागे जाऊ नये, नाहीतर एक बिचारे दिवसभर मागेच राहते.

विमानाला स्टँडवर रोखून धरण्यालाही हद्द असते. स्टँडवर पुढचे विमान यायचे असेल, तर तयार विमानाला तेथेच थांबवता येत नाही. अनेक मोठ्या विमानतळांवर एप्रनचे नियंत्रण विमानतळ चालवणाऱ्या कंपनीकडे आणि टॅक्सीवेचे हवाई वाहतूक नियंत्रणाकडे असते. हा ताण त्या दोघांच्या सीमेवरच पडतो. प्रतिकृतीत एखादा दूरचा रिकामा स्टँड राखीव ठेवून तिकडे विमान हलवण्याची सोय करा.

सातवा टप्पा: दिसणे आणि इशारा

आतापर्यंत विमान कुठे आहे हे संगणकाला अचूक ठाऊक असते, असे धरले. वास्तवात तसे नसते. जमिनीवरील रडार साधारण सेकंदाला एकदा फिरते आणि मुसळधार पावसात त्याच्या पडद्यावर खोटे ठिपके उमटतात. आपल्याकडच्या जुलै महिन्यात हा विषय पुस्तकापुरता राहत नाही. म्हणून मल्टिलॅटरेशनची जोड देतात. विमानाच्या ट्रान्सपाँडरचा (ओळख सांगणाऱ्या रेडिओ-यंत्राचा) संकेत वेगवेगळ्या ग्राहकांपर्यंत किती फरकाने पोहोचला यावरून ती जागा काढते. रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात 300 मीटर जाते, तेव्हा दहा नॅनोसेकंदांच्या चुकीने तीन मीटरचा फरक पडतो, यावरून घड्याळे किती काटेकोर लागतात ते कळेल. तिसरे साधन एडीएस-बी; त्यात विमान स्वतःच 1090 मेगाहर्ट्झवर आपले स्थान सांगते, चालत असताना सेकंदाला दोनदा आणि उभे असताना पाच सेकंदांतून एकदा.

प्रतिकृतीत प्रत्येक स्थानात साडेसात मीटरपर्यंतची यादृच्छिक चूक मिसळा, सेकंदाला एकच नोंद द्या आणि अधूनमधून दोन-तीन नोंदी गाळा. एखाद्या देखभाल-जीपला ट्रान्सपाँडरच नाही, अशीही परिस्थिती घाला.

मग धावपट्टीचा इशारा लिहा. साधी पद्धत अशी: विमान 90 मीटरच्या रेषेच्या आत आले आणि दुसरे विमान उतरण्यापासून 30 सेकंदांवर असेल, तर पिवळा इशारा, 15 सेकंदांवर असेल, तर लाल. 140 नॉटने येणारे विमान सेकंदाला 72 मीटर कापते, म्हणजे 30 सेकंद म्हणजे सव्वादोन किलोमीटरही नाही.

आता दुसरी बाजू मोजा. धावपट्टी 45 मीटर रुंद असेल, तर होल्डिंग पॉइंटपासून तिची कड साडेसदुसष्ट मीटरवर येते. 20 नॉटने चाललेले विमान ते अंतर सात सेकंदांच्या आत पार करते. त्यातला एक सेकंद नोंद येण्यात, एक-दोन खात्री करण्यात, दोन-तीन नियंत्रकाने बोलण्यात जातात. रेषा ओलांडल्यावर इशारा देणारी प्रणाली त्यामुळे जवळजवळ नेहमीच उशिरा जागी होते. सुधारणा म्हणून वेग आणि दिशा पाहून ‘हे विमान रेषेपाशी थांबणार नाही’ असा अंदाज आधीच बांधा, आणि स्टॉप बार म्हणजे होल्डिंग पॉइंटवरचे लाल दिवे परवानगीशिवाय विझणारच नाहीत, असे दोन्ही मार्ग ठेवा. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर वैमानिकाला पुढचा मार्ग टॅक्सीवेच्या मध्यरेषेवर पेटत जाणाऱ्या हिरव्या दिव्यांनी दाखवतात; आपल्या पडद्यावर तेवढ्याच दुव्यांना हिरवा रंग दिला, तरी परिणाम कळतो.

अंदाज जितका आधी, तितके खोटे इशारे जास्त, आणि रोज दहा वेळा खोटा ओरडणाऱ्या पडद्याकडे माणूस पाहणे सोडून देतो. 2 जानेवारी 2024 रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरणारे ए350 धावपट्टीवर उभ्या असलेल्या तटरक्षक दलाच्या विमानाला धडकले. प्रवासी विमानातले 379 जण वाचले, तटरक्षक विमानातले पाच जण गेले. धावपट्टीवर विमान असल्याचे नियंत्रकाच्या पडद्यावर दिसत होते. त्याकडे त्याचे लक्ष गेले नाही. म्हणून प्रत्येक इशाऱ्याची नोंद ठेवा आणि खऱ्याशी खोट्याचे प्रमाण मोजा. लाल इशारा आवाजासह, पिवळा फक्त रंगाने, ही विभागणी चांगली चालते.

आठवा टप्पा: चाचण्या

आधी कोणतेही नियोजन न करता, ‘जो आधी तयार तो आधी निघेल’ या पद्धतीने एक दिवस चालवा आणि सरासरी टॅक्सीवेळ, होल्डिंग पॉइंटवरची सर्वांत लांब रांग, मध्ये थांबण्याची संख्या आणि कोंडी यांची नोंद करा. मग तेच वेळापत्रक आपल्या नियमांवर चालवा. तुलनेसाठी शेजारच्या मुंबई विमानतळाची परिस्थिती कठीण चाचणी म्हणून घेता येते: तेथील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी बहुतेक एकच वापरली जाते आणि गर्दीच्या तासाला सुमारे 46 उड्डाणे-अवतरणे होतात. तुमच्या छोट्या जाळ्यावर ताशी 20 पासून सुरुवात करून हळूहळू वाढवा. कुठल्या आकड्याला रांग अचानक फुगते, तो तुमच्या प्रकल्पाचा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष.

त्यानंतर बिघाड घाला. समांतर टॅक्सीवेच्या मध्यावर एक विमान बंद पडले. पुशबॅक झालेले विमान आजारी प्रवाशासाठी परत स्टँडवर येऊ पाहते. जोराच्या पावसात सगळ्यांचा वेग निम्मा झाला. धावपट्टीचे टोक 26 वरून 08 झाले तेव्हा सात विमाने वाटेत होती. ही शेवटची चाचणी बहुतेक प्रतिकृतींना जड जाते, कारण सगळे एकेरी मार्ग एकदम उलटतात. नवी परवानगी देण्याआधी वाटेतल्या प्रत्येक विमानाला त्याच्या पुढच्या थांब्यापर्यंत जुन्याच आरक्षणावर नेऊन उभे करावे, आणि सगळी उभी राहिल्यावरच जाळ्याची दिशा बदलावी.

नकाशा आज्ञावलीपासून वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि तिच्यावर तारीख घाला. वैमानिकी माहितीतील बदल जगभर 28 दिवसांच्या चक्राने लागू होतात, आणि नवी मुंबईत दुसरी समांतर धावपट्टी व पुढची टर्मिनल व्हायची असल्यामुळे येथील टॅक्सीवेची रचना वरचेवर बदलत राहणार आहे. नकाशात एक जोडरस्ता वाढला तरी थांब्यांच्या खुणा पुन्हा तपासाव्या लागतात आणि वरच्या चारही बिघाडांच्या चाचण्या पुन्हा चालवाव्या लागतात. त्या आपोआप चालतील अशी आज्ञावली पहिल्याच महिन्यात लिहून ठेवणे श्रेयस्कर.